माणदेशाचे तोंडी ज्ञान आणि पेटंटचा कायदा

पेटंट हा शोधक आणि समाज यांच्यातील एक व्यवहार आहे. नवीन, उद्योगात वापरता येण्याजोगा आणि त्या विषयातील जाणकारालाही सहज सुचणार नाही असा शोध शोधकाने पूर्ण तपशिलासह उघड करावा आणि त्याच्या मोबदल्यात शासनाने त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, परवानगीवाचून तो शोध बनवण्यास, वापरण्यास, विकण्यास किंवा आयात करण्यास इतरांना मज्जाव करण्याचा हक्क द्यावा, असे त्याचे स्वरूप असते. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. या व्यवहारात लोकहिताची कसोटी दोन वेळा लागते. हक्क देताना ती गोष्ट खरोखर नवी आहे की लोकांच्या वापरातलीच आहे हे पाहावे लागते, आणि हक्क दिल्यानंतर त्याचा उपयोग लोकांच्या गरजेला व ऐपतीला धरून होतो की नाही हे पाहावे लागते. भारतीय कायद्याने दोन्ही वेळी नागरिकाला हस्तक्षेपाची संधी ठेवली आहे, मात्र ती मुदतीत आणि पुराव्यानिशी घ्यावी लागते, आणि गावाच्या वतीने ती घेणारे कोणी आपोआप पुढे येईल असे धरून चालता येत नाही.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड आणि त्याच्या आसपासचा माण, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा या दृष्टीने विशेष विचार करण्यासारखा आहे. मेंढपाळांना ठाऊक असलेले मेंढ्यांच्या आजारांवरचे झाडपाल्याचे उपाय, सणगरांची लोकर विणण्याची आणि घोंगड्याला चिंचोक्याची खळ देण्याची रीत, खिलार जनावराची पारख, अपुऱ्या पावसावर हाती येणाऱ्या ज्वारी-बाजरीच्या वाणांची निवड, हे सारे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हे ज्ञान बहुतांशी तोंडी आहे, आणि पेटंटच्या व्यवहारात तोंडी ज्ञानाची बाजू फार काळ लंगडी राहिली. ती का लंगडी राहिली हे समजण्यासाठी शेजारच्या सांगलीच्या बाजारात ढिगांनी येणाऱ्या हळदीचे प्रकरण पुरेसे आहे.

हळदीचा खटला कागदावर जिंकला गेला

सांगली ही हळदीची देशातील एक प्रमुख बाजारपेठ असून कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची पद्धत जुनी आहे. याच हळदीची पूड जखमेवर लावून किंवा पोटात देऊन जखम भरून आणण्याच्या पद्धतीचे पेटंट, क्रमांक ५४०१५०४, अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या शोधाला दिले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, मूळ गोव्यातील माशेलचे असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली आणि तिच्यासोबत ३२ संदर्भ जोडले. त्यांत जुन्या ग्रंथांतील उतारे होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकन कार्यालयाने त्या पेटंटातील सर्व दावे फेटाळले. दावे म्हणजे पेटंटाच्या अर्जात शेवटी क्रमांक घालून लिहिलेली वाक्ये. हक्काची हद्द त्यांवरूनच ठरते.

या विजयाचा अभिमान सर्वत्र सांगितला जातो आणि तो रास्तही आहे, पण त्यातून घ्यायचा व्यावहारिक बोध क्वचितच सांगितला जातो. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेत माहीत असेल किंवा वापरात असेल तर ती जुनी ठरे, पण परदेशातील नुसता वापर आणि तोंडी माहिती जमेस धरली जात नसे. परदेशातील पुरावा छापील प्रकाशन किंवा पेटंट या स्वरूपातच चालत असे. भारतातील कोट्यवधी घरांत हळद जखमेवर लावली जाते ही वस्तुस्थिती म्हणून त्या कार्यालयापुढे पुरावाच नव्हती, आणि कोणीतरी कधीतरी लिहून, छापून, तारखेनिशी ठेवलेली पाने मात्र पुरावा ठरली. अमेरिकेने १६ मार्च २०१३ पासून हा भेद काढून टाकला आणि जगात कोठेही लोकांना उपलब्ध असलेली गोष्ट जुनी मानली जाऊ लागली. तरीही परीक्षक जे शोधू शकतो तेच पाहतो, आणि वाडीवस्तीवरच्या बोलण्यात राहिलेली गोष्ट त्याला शोधून सापडत नाही. पेटंट देण्याआधी कार्यालये जे साहित्य तपासतात त्याला पूर्वज्ञान म्हणतात. भारताने २००१ मध्ये सुरू केलेले पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय याच हेतूचे आहे. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील लक्षावधी औषधयोग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत मांडले असून ते करारान्वये परदेशी परीक्षकांना पाहता येते. ते मुख्यतः ग्रंथांवर आधारलेले असल्यामुळे जे ग्रंथात कधी उतरलेच नाही ते त्याच्या आधाराने राखता येत नाही, आणि माणदेशाच्या वाट्याचे बहुतेक ज्ञान याच प्रकारचे आहे.

नोंद कोठे करावी आणि कशी

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि त्या समितीने लोकांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, असे बंधन आहे. ते ग्रामपंचायतींना लागू आहे तसेच म्हसवडसारख्या नगरपरिषदेलाही लागू आहे. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. अनेक ठिकाणी ही वही एखाद्या ठेकेदाराकडून घाईने भरून घेतली जाते आणि तिच्यात झाडांच्या नावांच्या याद्यांपलीकडे काही नसते. अशी वही कार्यालयीन तपासणीपुरती बरी, पेटंटच्या वादात मात्र तिचा उपयोग होणे कठीण आहे. म्हणून आपल्या गावची समिती अस्तित्वात आहे का, वही झाली आहे का आणि तिच्यात प्रत्यक्षात काय लिहिले आहे, एवढी चौकशी वाचकांनी ग्रामसेवकाकडे किंवा नगरपरिषदेकडे आधी करावी.

नोंद उपयोगी पडायची असेल तर ती दाव्याला भिडणारी असावी लागते. ‘अमुक पाला मेंढ्यांच्या जखमेवर चालतो’ एवढे लिहून भागत नाही. वनस्पतीचे स्थानिक नाव आणि शक्य असल्यास जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाकडून पडताळलेले शास्त्रीय नाव, वापरला जाणारा भाग, तो ताजा की वाळवलेला, कशात वाटला किंवा उकळला, किती प्रमाणात, कोणत्या आजारावर, किती दिवस, आणि हा वापर किती पिढ्यांपासून चालत आला, हे सगळे लिहावे. पेटंटचे वाद नेमके अशाच तपशिलांवर ठरतात, कारण अर्जदार सहसा वनस्पतीवर नव्हे तर तिच्या विशिष्ट अर्कावर, मिश्रणावर किंवा मात्रेवर हक्क सांगतो. नोंदीवर सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने घालावे, तारीख टाकावी आणि ग्रामसभेच्या किंवा समितीच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख करावा, म्हणजे ती केव्हा अस्तित्वात आली यावर पुढे वाद उरत नाही. म्हसवडमध्ये माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रावरून प्रसारित झालेले आणि तारखेसह जपून ठेवलेले ध्वनिमुद्रण लोकांसमोर आलेली माहिती म्हणून दाखवता येते, त्यामुळे ज्यांना लिहिण्याचा सराव नाही त्यांचे ज्ञान त्यांच्याच शब्दांत टिकवण्याची सोय जवळच उपलब्ध आहे.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. ज्ञान छापले की त्यावर दुसऱ्याला पेटंट मिळणे अवघड होते, पण त्याच क्षणी ते सर्वांना वाचायला खुले होते आणि एखादी कंपनी त्यावरून पुढचे, खरोखर नवे संशोधन करू शकते. जैवविविधता कायदा या ठिकाणी काही संरक्षण देतो: भारतातील जैविक संसाधनावर किंवा त्याच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या शोधासाठी हक्क मागणाऱ्या परदेशी अर्जदाराला चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते, २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदारालाही हक्क मिळण्यापूर्वी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि लाभातील वाटा स्थानिक समाजाला देण्याची तरतूद आहे. ही यंत्रणा संथ आहे. तरीही गावाने तपशील उघड करण्यापूर्वी समितीत चर्चा करावी, आणि जे उपाय आधीच सर्वत्र प्रचलित आहेत ते निःसंकोच छापावेत, तर जे एखाद्या घराण्यापुरते किंवा वाडीपुरते आहेत त्यांबाबत त्या लोकांचा निर्णय अंतिम मानावा, हाच मार्ग न्याय्य दिसतो. मौन बाळगून ज्ञान सुरक्षित राहते हा समज मात्र हळदीच्या प्रकरणाने खोटा ठरवला आहे.

पेटंटला हरकत घेण्याची रीत

पेटंट कायदा, १९७० च्या तिसऱ्या कलमात कशाला पेटंट मिळणार नाही हे सांगितले आहे आणि त्यातील तीन तरतुदी सामान्य वाचकानेही ओळखून ठेवाव्यात. पारंपरिक ज्ञान किंवा पारंपरिक घटकांच्या ज्ञात गुणधर्मांची नुसती बेरीज हा शोध नव्हे, वनस्पती, प्राणी आणि बियाणे यांना पेटंट नाही, आणि ज्ञात औषधाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढत नसेल तर ते नवे रूप शोध ठरत नाही. ही शेवटची तरतूद ३(ड) या नावाने जगभर गाजली; नोव्हार्टिस कंपनीचा रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या स्फटिकरूपाबाबतचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच आधारावर फेटाळला.

पेटंटचा अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्याचा उल्लेख दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या अधिकृत नियतकालिकात येतो आणि तो कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतो. प्रसिद्धीनंतर निदान सहा महिने पेटंट दिले जात नाही, आणि ते दिले जाईपर्यंत कलम २५(१) खाली कोणतीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. पेटंट मिळाल्यावर एक वर्षाच्या आत हरकत घेता येते, पण ती फक्त हितसंबंधित व्यक्तीला. हरकतीच्या कारणांत, शोध भारतातील वा अन्य कोठल्या स्थानिक समाजाला तोंडी वा अन्य रूपात आधीच ज्ञात होता, हेही एक कारण आहे, आणि अर्जदाराने वापरलेल्या जैविक सामग्रीचा उगम लपवला किंवा चुकीचा सांगितला हे दुसरे. अमेरिकेच्या जुन्या कायद्यात जे नव्हते ते आपल्या कायद्यात असे स्पष्ट शब्दांत आहे, आणि तोंडी ज्ञान सिद्ध करण्यासाठी जाणकारांची शपथपत्रे देता येतात. वर सांगितलेली नोंदवही हाताशी असेल तर त्या शपथपत्रांना वजन येते. अर्ज वाचताना शीर्षकावर किंवा सारांशावर राग धरून बसू नये, दावे वाचावेत, आणि प्रत्येक दाव्यासमोर आपल्याकडील नेमका पुरावा मांडावा. मार्च २०२४ पासूनच्या नियमांनी या हरकतीला शुल्क लावले आहे आणि हरकत प्रथमदर्शनी ग्राह्य आहे का हे नियंत्रकाने आधी ठरवावे अशी व्यवस्था केली आहे. सामान्य माणसाच्या हाती असलेल्या एका उपयुक्त साधनावर आलेले हे ओझे खेदजनक आहे, आणि म्हणून हरकतीचा पहिलाच अर्ज नीट तयार करणे पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले आहे.

हे साधन सामान्य माणसाच्या हाती किती चालते याचे उदाहरण क्षयरोगाच्या औषधाचे आहे. प्रचलित औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाचे मूळ पेटंट २०२३ च्या जुलैमध्ये संपणार होते, पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच्या एका क्षाररूपावर वेगळा अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या, पण उपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी त्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला.

औषध परवडत नसेल तेव्हा

सांगली हा एकेकाळी एचआयव्हीचा प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणावर झालेल्या जिल्ह्यांपैकी एक होता आणि तेथे संग्राम ही संस्था १९९२ पासून या प्रश्नावर काम करीत आली आहे; अशा जिल्ह्यात औषधाची किंमत म्हणजे रुग्णाच्या आयुष्याचाच प्रश्न असतो. १९७० च्या कायद्याने औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले होते, त्यामुळे दुसऱ्या प्रक्रियेने तेच औषध बनवण्यास भारतीय कंपन्या मोकळ्या होत्या. म्हणूनच २००१ मध्ये सिप्ला कंपनी एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ शकली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर १० हजार डॉलरच्या वर होता. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयक कराराचे पालन करण्यासाठी भारताला १ जानेवारी २००५ पासून औषधांनाही पेटंट द्यावे लागले, आणि त्यानंतर लोकहिताचा भार कायद्यातील अपवादांवर येऊन पडला.

यातील मुख्य अपवाद म्हणजे सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसताना, त्याला स्वामित्वधन देऊन दुसऱ्या उत्पादकाला शासनाने दिलेली परवानगी. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर, लोकांची वाजवी गरज भागत नाही, किंमत वाजवी नाही, किंवा शोध भारतात प्रत्यक्ष वापरात आणला जात नाही, यांपैकी कोणत्याही कारणावरून असा परवाना मागता येतो. भारतातील पहिला परवाना मुंबईतूनच निघाला: ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला बायरचे सोराफेनिब हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषध बनवण्याची मुभा दिली, आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडणारा उपचार सुमारे ८,८०० रुपयांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. देशांनी सार्वजनिक आरोग्यासाठी असे परवाने कोणत्या कारणांवर द्यावेत हे ठरवण्याचे त्यांचे स्वातंत्र्य व्यापार संघटनेच्या दोहा येथील १४ नोव्हेंबर २००१ च्या जाहीरनाम्यातही मान्य झालेले आहे.

रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने स्वतः असा परवाना मागून उपयोग होत नाही, कारण अर्जदाराकडे औषध बनवण्याची क्षमता असावी लागते. त्यांनी आधी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव विचारून घ्यावे, त्या नावाने दुसऱ्या उत्पादकाचे औषध मिळते का ते जनौषधी केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात पाहावे, आणि औषध पेटंटखालीच असेल तर त्या आजाराच्या रुग्णसंघटनेमार्फत लोकप्रतिनिधींकडे व केंद्र सरकारकडे मागणी न्यावी; राष्ट्रीय आणीबाणी, अतितातडीची परिस्थिती किंवा शासकीय वापर यांसाठी सरकारला स्वतःहून पाऊल उचलण्याचे अधिकार कलम ९२ आणि १०० मध्ये आहेत.

बियाणे

बियाण्याला भारतात पेटंट नसले तरी वाणाची नोंदणी होते आणि तिच्यासाठी वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ हा वेगळा कायदा आहे. संरक्षित वाणाचे बियाणेदेखील शेतकऱ्याने राखून ठेवावे, पुन्हा पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, बदलून घ्यावे किंवा विकावे, हा हक्क कलम ३९ ने त्याला दिला आहे. मनाई फक्त ते छापील नाममुद्रेखाली विकण्यास आहे. कंपनीच्या प्रतिनिधीने नोटिशीची भीती घातल्यास हे कलम दाखवावे. नोंदणीकृत वाण कंपनीने सांगितल्याप्रमाणे उतरले नाही तर नुकसानभरपाई मागण्याची सोयही याच कलमात आहे, त्यासाठी पिशवी, लेबल आणि पावती टाकून देऊ नयेत.

शेतकऱ्याने स्वतः निवडलेला वाण त्याच्या नावावर नोंदवता येतो आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. ही नोंदणी किती आवश्यक आहे हे चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांच्या बाबतीत दिसून आले. त्यांनी १९८० च्या दशकात आपल्या तुकड्यावर निवडून वाढवलेला एचएमटी हा भाताचा वाण अनेक राज्यांत पसरला, कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला, पण जून २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या वाट्याला सन्मान आले, उत्पन्न मात्र फारसे आले नाही. विद्यापीठाने बियाणे नेले त्या काळी हा कायदा नव्हता. आज तो आहे. सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात तास-ए-गणेशसारखा वाण बागेतल्या निवडीतूनच पुढे आला आणि माणदेशातल्या रब्बी ज्वारीतही अशी निवड करणारे शेतकरी आहेत. अशा शेतकऱ्याने वाण इतर वाणांहून वेगळा कसा ओळखावा हे लिहून, बियाण्याचा नमुना राखून, जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक यांच्यापैकी एकाच्या अनुमोदनासह अर्ज करावा, आणि संशोधकाला बियाणे देताना तारीख, प्रमाण व हेतू लिहिलेली पोच घ्यावी. तिकिटाएवढी ती चिठ्ठीसुद्धा पुढे मोलाची ठरते.

नावाचा हक्क

भौगोलिक मानांकन हा पेटंटहून अगदी वेगळा हक्क आहे, कारण तो वस्तू बनवण्याच्या पद्धतीवर नसून प्रदेशाशी बांधलेल्या नावावर असतो, तो एका व्यक्तीचा नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचा असतो, आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण करून तो कायम ठेवता येतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, सांगलीचा बेदाणा आणि सांगलीची हळद यांना तो मिळालेला आहे. त्याच्याविषयी दोन गैरसमज नेहमी आढळतात. एक असा की मानांकन मिळाल्यावर भाव आपोआप वाढतो. दुसरा अधिक घातक आहे: मानांकन एकदा मिळाले की जगभर कोणी नक्कल करू शकत नाही.

दुसऱ्या गैरसमजाची कसोटी २०२५ मध्ये लागली. कोल्हापुरी चपलेचे मानांकन २०१९ पासून महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे आणि त्याची नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापुरीचा नामोल्लेख न करता मांडल्या. टीका झाल्यावर कंपनीने त्यामागील प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले, पण मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाच्या भंगाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार नोंदणीधारकाला असतो आणि याचिकाकर्ते नोंदणीधारक नव्हते. शिवाय मानांकन नावाचे रक्षण करते, घडणीचे नाही, आणि त्याचा अंमल नोंदणी झालेल्या देशापुरताच चालतो; बौद्धिक संपदेच्या जागतिक करारात अधिक कडक संरक्षण केवळ वाइन आणि मद्यांना दिलेले आहे, हा भारतासारख्या देशांवर झालेला अन्यायच म्हणावा लागेल. सातारा-सांगलीतील चपला बनवणाऱ्या कारागिरांनी यावरून एक गोष्ट ताबडतोब करावी: चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे, कारण दाद मागण्याचा हक्क कायद्याने अधिकृत वापरकर्त्यालाही दिला आहे.

घोंगड्यासारख्या वस्तूसाठी माणदेशातील विणकरांना अर्ज करायचा झाल्यास तो त्यांच्या संघटनेने किंवा सहकारी संस्थेने करावा लागेल. त्यात प्रदेशाचा नकाशा, जुन्या गॅझेटियरमधील किंवा अन्य लेखी उल्लेख, लोकरीपासून खळीपर्यंतची पद्धत, वस्तूचा गुण त्या भूमीशी कसा जोडलेला आहे याचे विवेचन आणि दर्जा तपासण्याची व्यवस्था हे सारे असावे लागते. दर्जा तपासणारी यंत्रणा उभी करण्याची तयारी नसेल तर अर्जाची घाई करू नये. बाहेरच्या यंत्रमागावरचा माल त्याच नावाने विकला गेल्यास मानांकनाचा कागद विणकराच्या उपयोगी पडत नाही.

स्वतःचा नवा शोध असेल तर

वरील सगळ्या सल्ल्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कोणी स्वतः नवे अवजार, यंत्र किंवा प्रक्रिया शोधली असेल आणि तिला पेटंट घ्यायचे असेल, तर अर्ज करण्यापूर्वी ती कृषी प्रदर्शनात मांडू नये, चित्रफीत पसरवू नये, वर्तमानपत्राला मुलाखत देऊ नये, कारण शोधकाने स्वतः केलेली प्रसिद्धीही शोधाचे नावीन्य संपवते आणि कायद्यातील सवलत केवळ शासनाने अधिसूचित केलेली प्रदर्शने किंवा विद्वत्सभेपुढील निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती, तीही १२ महिन्यांची आहे. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. शोध पूर्ण झाला नसेल तर प्राथमिक अर्ज करून तारीख मिळवावी आणि १२ महिन्यांत संपूर्ण अर्ज द्यावा. व्यक्ती, नवउद्योग, लहान उद्योग आणि शिक्षणसंस्था यांना शुल्क मोठ्या कंपन्यांपेक्षा बरेच कमी आहे. परदेशात संरक्षण हवे असल्यास त्याच १२ महिन्यांत प्रत्येक देशात किंवा पेटंट सहकार्य कराराखाली एकत्रित अर्ज करता येतो, पण हा एकत्रित अर्जही अखेरीस देशोदेशीच्या कार्यालयांत स्वतंत्रपणे तपासला जातो आणि प्रत्येक ठिकाणचा खर्च वेगळा असतो. त्यामुळे सगळ्या जगाचे पेटंट मिळवून देतो असे सांगून रक्कम मागणाऱ्याला ती देऊ नये, कारण असे पेटंट कोणतेही कार्यालय देत नाही.